मांडव कुठं संपतो?

आमच्या घरमालकीणबाईंकडं कुणालाही सहजासहजी चहा मिळत नसे. आधी एक गणित सोडवावं लागायचं.

दारातच, चपला काढायच्या जागेवर, खिळ्याला एक पाटी टांगलेली असायची. तिच्यावर रोज सकाळी बाई खडूनं एक गणित लिहायच्या. अक्षर एवढं मोठं की पाटीवर जेमतेम एक ओळ मावायची, आणि तीही उतरणीला लागल्यासारखी तिरकी. गॅसवाला येवो, मीटर बघणारा येवो, शेजारची सून विरजण मागायला येवो, नियम सगळ्यांना सारखा. नुसतं उत्तर सांगूनही चालायचं नाही, गणित मोठ्यानं वाचायला लागायचं. बाई आतून खुर्चीतून ओरडायच्या, "कोपऱ्याकोपऱ्यानं वाच. मला दिसत न्हाय असं समज आन वाच."

एकदा नगरसेवकाच्या निवडणुकीचे उमेदवार मत मागायला आले. गळ्यात उपरणं, मागं पोरांचा घोळका, आणि साहेब पाटीपुढं घाम पुसत उभे. लहानपणी ते बाईंच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळं पळून जायची सोय नव्हती. त्यांनी वाचलं, उत्तर सांगितलं आणि ते चुकलं. बाई म्हणाल्या, "मत दीन. च्या न्हाय." साहेब निमूट पायऱ्या उतरले. निवडून आले, पण पुढं कधी चहाला आल्याचं मी बघितलं नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. अर्ध्या पेठेला त्यांनी गणित शिकवलेलं आणि उरलेल्या अर्ध्या पेठेच्या आईबापांना. नोकरीभर पुस्तकी मराठी बोलून जीभ आखडली, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रिटायर झाल्या त्या दिवशी सत्काराच्या भाषणातच त्यांनी जाहीर करून टाकलं, "आजपास्न आपलं बोलनार." मुख्याध्यापकांचा चेहरा कसा झाला होता, याची नक्कल त्या मला दर आठवड्याला करून दाखवायच्या.

मी त्यांच्याकडं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले ती डिप्लोमा करायला. गाव कोडोली, घरी म्हशी, बापाचं दूध डेअरीला जाणारं. खोली बघायला बाबा बरोबर आले होते. त्यांनी पाटीवरचं गणित वाचलं, दुधाचा हिशोब करावा तसं तोंडी करून टाकलं आणि फुर्रर करून चहा प्यायले. मग बाई म्हणाल्या, "आता पोरगी."

मी पाटीकडं बघितलं. आकडे होते, अक्षरं होती, मधे आडवी रेघ होती. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. तोंडातून निघून गेलं, "मी च्या पीत न्हाय."

बाबांनी माझ्याकडं अशी मान वळवली की बास. सकाळ-संध्याकाळ तांब्याएवढा चहा ढोसणारी पोरगी मी. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. झालं, त्या दिवसापासून त्या घरात मी चहा न पिणारी ठरले.

खरं काय ते आता सांगायला लाज नाही. मला वाचता यायचं नाही. म्हणजे अक्षरं ओळखायची, पण ओळ हाताला लागायची नाही. एक शब्द पकडेपर्यंत मागचा सुटायचा. मग मी ऐकून ऐकून शिकले. मैत्रिणी अभ्यास करताना मोठ्यानं वाचायच्या, मी शेजारी बसून वेणी घालायची आणि सगळं पाठ करायची. पेपरात प्रश्नातला एखादा शब्द लागला की पाठ केलेलं उतरून काढायची. तशीच दहावी झाली, तसेच डिप्लोम्याचे बाकीचे विषय झाले. गणित तेवढं अडकायचं, कारण गणित कुणी वाचतच नाही हो. बोट ठेवतात आणि म्हणतात, हे वरचं घे, ह्याच्यात घाल, हे खाली ने. ऐकणाऱ्यानं काय डोंबल समजायचं?

पहिल्या वर्षाचं गणित राहिलं ते राहिलंच. परत दिलं, परत गेलं. आता उन्हाळ्यात शेवटची संधी होती. ते सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. आत्यानं हातकणंगल्याचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, ते आपलं टपून बसलेलं. बाबा रागावले असते तर मी भांडले असते. ते फोनवर म्हणाले, "न्हाय जमत तर न्हाय जमत, बाळ. ये घरला." त्या मऊ आवाजानं माझा जीव अर्धा झाला.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं स्वतःचं विश्व होतं. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की मॅचच्या दिवशी दुपारी त्या गच्चीत खुर्ची टाकून बसायच्या. स्टेडियमकडनं आरोळी आली की कान टवकारायच्या आणि निकाल द्यायच्या, "गोल आपला न्हवं. आपली पोरं आशी वरडत न्हाईत." थोड्या वेळानं मॅच बघून पोरांच्या गाड्या गल्लीत यायच्या आणि कळायचं, बाईंचं खरं होतं. मला वाटायचं, म्हातारी मोठी विक्षिप्त आहे, घरात टीव्ही असून उन्हात बसते.

एकदा त्या माझ्या हातात एक लग्नपत्रिका देऊन म्हणाल्या, "चष्मा कुठं ठेवलाय कुणाला ठावं. जरा बघ गं, कवा हाय आन कुठं." त्यांच्या एका लाडक्या विद्यार्थ्याचं लग्न होतं. पत्रिका म्हणजे सोनेरी वेलबुट्टी, त्यात गुंडाळलेली अक्षरं. तारखेचा आकडा तेवढा मोठा होता, तो मला लागला. कार्यालयाच्या नावाचं पहिलं अक्षर लागलं आणि त्या अक्षराचं कार्यालय मला माहीत होतं. मी ठोकून दिलं. बाईंनी पत्रिका घेऊन डोळ्यांपुढं धरली आणि मान हलवली. "व्हय की, तेच."

त्या दिवशी आम्ही दोघी नटूनथटून गेलो. बाईंच्या पिशवीत आहेर होता. त्या प्रत्येक नवरानवरीला कंपासपेटीच द्यायच्या, पेठेत सगळ्यांना हे माहीत होतं. कार्यालयात सनई वाजत होती. कुणीतरी गुलाबपाणी शिंपडलं, कुणीतरी "या की बाई" म्हणालं, कारण कोल्हापुरात कुठंही गेलं तरी बाईंना ओळखणारं कुणीतरी असतंच. आम्ही अक्षता टाकल्या, पोटभर जेवलो. मग बाई माझा हात धरून स्टेजवर चढल्या आणि नवऱ्यामुलाच्या हातात कंपासपेटी देऊन म्हणाल्या, "काय रं, छेद सारका कराय जमतोय का आता?"

मुलगा बघतच राहिला. तो त्यांचा विद्यार्थी नव्हता. नवरीही नव्हती. मुलाच्या वडलांनी फार अदबीनं विचारलं, आपण मुलीकडच्या का? बाई म्हणाल्या, "मी कुणाकडचीच न्हवं. पर जोडा झ्याक हाय. दिलं त्ये दिलं." आणि दोघांना तोंडभरून आशीर्वाद देऊन त्या थाटात खाली उतरल्या. दाराशी नवरा-नवरीच्या नावांची फुलांची पाटी होती, माणसाएवढी. आम्ही दोघी तिच्या शेजारूनच आत गेलो होतो.

आम्ही रिक्षा केली. मिरजकर तिकटी मागं गेली तेव्हा बाई पुढं बघत म्हणाल्या, "तुला वाचाय येत न्हाय."

मला रडू फुटणार होतं. पण त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटीवरचं एवढं मोठं अक्षर, कोपऱ्याकोपऱ्यानं वाच, गच्चीतली खुर्ची, स्टेजवर चढताना धरलेला माझा हात. मी म्हणाले, "आन तुम्हास्नी दिसत न्हाय."

"व्हय," बाई म्हणाल्या. "रोज दारात वरडून सांगतीया, मला दिसत न्हाय असं समज. येक जन समजंल तर शपथ."

आणि त्या हसायला लागल्या. मग मीही. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. डोळे पुसत बाई म्हणाल्या, "दोघींत मिळून येक धड वाचणारी न्हाय, आन गेलो मांडवात." मग गंभीर होऊन त्यांनी बजावलं, की पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला यातलं कळता कामा नये. नाहीतर तो उचलून लिफ्टच्या बिल्डिंगमधे नेऊन ठेवील आणि तिथं फुटबॉलची आरोळी येत नाही.

मला किती हलकं वाटलं ते कसं सांगू? इतकी वर्षं मी ते एकटीनं लपवलं होतं. कुणीतरी ते रिक्षात, भाजीचा भाव सांगावा तसं बोलून टाकलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. त्याला त्यांनी फर्मावलं, की वाचून दाखवणारं काय असंल ते दोघींच्या फोनात घाल. त्यानं घालून दिलं. पानाचा फोटो काढला की फोन ते मोठ्यानं वाचायचा, आणि वाचेल तो शब्द पडद्यावर पिवळा व्हायचा. अक्षरं मोठी करता यायची, ओळी लांब लांब करता यायच्या. मी गॅलरीत बसून एका पुस्तकाचं पान लावलं. पिवळा रंग शब्दाशब्दावरून पुढं जात होता आणि माझा डोळा त्याच्या मागं मागं. पहिल्यांदा ओळ माझ्या हातून निसटली नाही. मी ते पान संपवलं आणि परत पहिल्यापासून लावलं.

फोनातला तो आवाज अगदी शुद्ध बोलायचा, बातम्या देतात तसा. बाईंनी लगेच त्याचं नाव ठेवलं, पावणं. "ह्ये हितलं न्हवं. पर शिकल्यालं दिसतंय." तेव्हापासून फोन चार्जिंगला लावायचा म्हणजे 'पावण्यास्नी जेवाय घाला' आणि रेंज गेली की 'पावणं रुसलं'. पेपर वाचता वाचता पावण्यांनी गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, की बाई त्यांना थांबवून दुरुस्त करायच्या. पावणं काही सुधारायचं नाही. बाई म्हणायच्या, जावयासारखं हाय, ऐकून घेतं आन आपलंच करतं.

गणितात मात्र पावण्यांची भंबेरी उडाली. मोबाईलवाल्यानं मग गणित वाचणारं निराळं काहीतरी शोधून दिलं. ते चिन्हंसुद्धा वाचायचं, पण इंग्रजीत आणि एका सुरात. अपूर्णांक सुरू, अपूर्णांक संपला, वर्गमूळ सुरू, वर्गमूळ संपलं, अशी लांबच लांब माळ. मला पहिलं आठवेपर्यंत शेवटचं विसरायचं. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. दोन-तीनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "पावणं बरोबर सांगतंय गं. आपल्याला चित्र दिसंना म्हणून घोळ हाय."

मग त्यांनी चित्रं दिली. अपूर्णांक म्हणजे आमचंच घर. आडवी रेघ म्हणजे तक्तपोशी, वरच्या मजल्यावर भाडेकरू, खालच्या मजल्यावर मालकीण. कंस म्हणजे दार, उघडलं की लागलं पाहिजे. वर्ग म्हणजे डोक्यावर बसलेलं कबूतर. आणि वर्गमूळ म्हणजे मांडव, एक खांब आणि वर पसरलेलं कापड. "मांडवाखाली कोन कोन हाय त्ये आदी इचार," बाई म्हणायच्या. "मांडव कुठं संपतो त्ये कळल्याबिगार जेवाय बसू नगंस. येकदा आपली झालीया तशी गत."

पावणं सांगायचं, बाई मान हलवायच्या, मी हातानं हवेत मजले बांधायची. एक दिवस मी एक पूर्ण गणित ऐकून ऐकून सोडवलं. बाईंनी उत्तर तोंडी पडताळलं आणि विचारलं, "च्या?" माझ्या तोंडात सवयीनं तेच आलं, "पीत न्हाय." जीभ चावली, पण बोलून बसले होते. आता कुठल्या तोंडानं फिरवायचं? बाई "बरं" म्हणाल्या आणि एकट्याच प्यायल्या. आलं घातलेला होता.

त्याच सुमारास त्यांनी मला सरकारी दवाखान्यात तपासायला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वाचून घेतलं, लिहून घेतलं, आणि याला नाव आहे म्हणाल्या, डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली आहे, वाचनाची वाट वेगळी आहे. बाहेर बाकावर बसून मी हमसून हमसून रडले, पण ते रडणं चांगलं होतं. आजवर मी स्वतःला मठ्ठ समजत होते. बाई पाठीवर थोपटत राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, "काय न्हाय, पास झालीया."

दवाखान्याच्या दाखल्यावर परीक्षेला मला प्रश्न वाचून दाखवणारा वाचक मिळाला. फोन आत न्यायला परवानगी नव्हती, माणूस चालेल म्हणाले. मला ते नको होतं, कारण पावण्यांची मला सवय होती आणि माणसं गणित कसं वाचतात ते मी जन्मभर ऐकलेलं. वेगळ्या खोलीत कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडम माझ्यासमोर बसल्या. प्रेमळ होत्या, पण घाईच्या. सुरुवातीचं बरं गेलं. मग मोठ्या गुणांचा प्रश्न आला आणि त्या एका दमात म्हणाल्या, "रूट एक्स स्क्वेअर प्लस फोर अपॉन एक्स."

मी डोळे मिटले. घर दिसेना. मी विचारलं, "मॅडम, मांडव कुठं संपतो?"

त्यांना वाटलं, पोरीला चक्कर आली. त्यांनी पाणी पुढं केलं. मी समजावून सांगितलं, की रूटचं कापड कुठपर्यंत आहे आणि रेघेच्या वर काय, खाली काय, तेवढं सांगा. मॅडम अडखळल्या. ते सांगणं म्हणजे मदत केल्यासारखं होईल का, अशी त्यांना शंका. त्यांनी परीक्षेच्या प्रमुख सरांना बोलावलं. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, जसं छापलंय तसं वाचा, बाकी काही सांगायचं नाही. घड्याळ चाललं होतं. मला कोडोलीची वाट दिसायला लागली.

एरवी मी गप्प बसले असते. शाळेत कायम बसलेच. पण कानात बाईंचा आवाज आला, आतल्या खोलीतून ओरडल्यासारखा. मी उभी राहिले. "सर, कागदावर त्या रूटची रेघ छापलीया का न्हाय?"

"छापलीय," सर म्हणाले.

"मग ती बी वाचाय पायजे की. मला दिसत न्हाय असं समजा आन वाचा."

सरांनी पेपर हातात घेतला. त्या रेघेकडं ते बघत राहिले, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतायत. मग मॅडमना म्हणाले, "वाचा. ती पण छापलेलीच आहे." आणि मॅडमनी वाचलं, हळू, बोट फिरवत, कोपऱ्याकोपऱ्यानं. रूट सुरू होतं. आत एक्स स्क्वेअर, प्लस, फोर. इथं रूट संपतं. हे सगळं रेघेच्या वर. खाली नुसता एक्स. माझ्या डोळ्यांपुढं आख्खं घर उभं राहिलं, वरच्या मजल्यावर मांडव घातलेला, खाली मालकीण एकटी बसलेली. पुढचा सगळा पेपर मॅडमनी तसाच वाचला. शेवटी शेवटी तर त्या स्वतःहूनच म्हणायला लागल्या, "मांडव इथं संपला बरं का."

निकाल मोबाईलवर आला. मी बघेना. बाई म्हणाल्या, पावण्यास्नी सांगू दे. फोन आमच्या दोघींच्या मधे पाटावर ठेवला. पावणं नेहमीच्या शांतपणानं नंबर वाचायला लागलं, मग नाव, मग विषय. त्यांना कसली घाई नसते. गणित म्हणाले, आकडा म्हणाले आणि त्याच सुरात म्हणाले, पास.

मी ते परत लावलं. बाईंनी ते आणखी एकदा लावायला सांगितलं. मग बाबांना फोन केला. पलीकडं म्हशींचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "ऱ्हा मग तिथंच. शिक." मी भिंतीला टेकून खाली बसले.

पुढं वर्षभरानं बाईंचे डोळे पुरते गेले आणि मुलाला कळलंच. आता त्या पुण्यात असतात, लिफ्टच्या बिल्डिंगमधे. फुटबॉलच्या आरोळीसाठी सीझनमधे मला फोन लावून गॅलरीत धरून ठेवायला सांगतात. तिथंही दारात पाटी आहे म्हणे आणि लिफ्टवाल्याला अजून चहा मिळालेला नाही.

पण निकालाच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी भिंतीशी बसलेले असताना बाई उठल्या, भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेल्या आणि आधण ठेवलं. आल्याचा वास आला. मग आतून आवाज आला, "पाटी वाच."

मी दारात गेले. तिरकी ओळ होती, आडवी रेघ होती, एक मांडव होता. मी बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. एकदा चुकले, परत मागं गेले. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. चहा उतू गेल्याचं ऐकू आलं तरी त्या हलल्या नाहीत. मी शेवटपर्यंत वाचलं, उत्तर सांगितलं, आणि त्या दोन कप घेऊन बाहेर आल्या.

मी म्हणाले, "बाई, मी च्या..."

"गप," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी आधण ठेवलं की वरनं येऊन जिन्यात थांबायचीस. च्या न पिणारं मानूस जिन्यात कशाला थांबंल? डोळं गेल्यात माजं. कान हायत अजून."

आणि कप माझ्यापुढं धरला. साखर माझ्या बेतानं घातली होती, बाबांना कधीतरी विचारून ठेवलं असणार.